एकट्यानं पायी नर्मदा परिक्रमा : पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

वारीला पायी जाणाऱ्याच्या मागेपुढे दिंडी असते. सामान ट्रकमध्ये, मुक्काम ठरलेला, पंगत ठरलेली. नर्मदा परिक्रमेला एकट्यानं निघालात की सामान आपल्याच पाठीवर येतं आणि रात्री पाठ कुठे टेकायची हे सकाळी ठाऊक नसतं. नव्यानं निघणारे बहुतेक वेळा जेवणाचं आणि चोरांचं विचारतात. जेवणाची चिंता सोडा, नर्मदाकाठचे लोक परिक्रमावासीला सहसा उपाशी झोपू देत नाहीत. चिंता करायची ती दुपारी तीननंतरची. सोबत कुणी असलं की दोघांपैकी एक जण तरी म्हणतो, "बास झालं, इथेच थांबू." एकट्याला हे स्वतःलाच सांगावं लागतं. ते वेळेवर सांगता न आल्यामुळे पहिल्या पंधरवड्यातच पाय जायबंदी होऊन परतणारी माणसं वाटेत भेटतात. पुढचं सगळं मी मुख्यतः हे डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

आधी वाट समजून घ्या

नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि सुमारे १,३१२ किलोमीटर पश्चिमेला वाहत जाऊन भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. तिला कायम उजव्या हाताला ठेवून दोन्ही तटांनी पूर्ण फेरी मारायची, ही परिक्रमा. लांबीची नुसती दुप्पट केली तरी २,६०० किलोमीटर होतात. त्यात वळसे आणि धरणांचे फुगवटे धरले की प्रत्यक्ष चाल त्याहून बरीच वाढते. परंपरेनं सांगितलेला काळ ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांचा आहे. आज पायी जाणारे बहुतेक जण चार ते सहा महिन्यांत पुरी करतात. चातुर्मासात चालायचं नसतं, म्हणून कार्तिकी एकादशी झाली की लोक निघतात.

सगळ्यात मोठा नियम एकच, नर्मदेचा प्रवाह ओलांडायचा नाही. नावेनं नाही आणि पुलावरूनही नाही. उपनद्या ओलांडायला सामान्य परिक्रमेत हरकत नसते. तट बदलायचा तो फक्त दोन ठिकाणी, पश्चिमेला समुद्रात आणि पूर्वेला अमरकंटकला उगमाच्या वरून.

मराठी माणसं बहुधा ओंकारेश्वराहून सुरुवात करतात. खांडवा किंवा इंदूरपर्यंत गाडीनं आणि तिथून बसनं जाता येतं. इथून निघालं की आधी दक्षिण तटानं निमाडचा सपाट भाग लागतो, मग शूलपाणीचे डोंगर, मग गुजरातचा मैदानी पट्टा आणि समुद्र. तिथून उत्तर तटानं भरूच, गरुडेश्वर, महेश्वर, नेमावर, जबलपूर करत अमरकंटक, आणि परतीला पुन्हा दक्षिण तट. या क्रमाचा एक परिणाम आधीच लक्षात घ्या. थंडी जातायेता कशीही निभते, पण परतीच्या टप्प्यात चैत्र-वैशाखाचं ऊन गाठतं. उशिरा निघणाऱ्याला ते जास्त भोवतं.

निघण्याआधी

घरच्या आजूबाजूला भरलेली सॅक पाठीवर घेऊन सलग तीन दिवस चाला. एक दिवस चालून काही कळत नाही. पाय खरे बोलतात ते तिसऱ्या दिवशी सकाळी. त्याहून चांगली चाचणी हवी असेल तर चैत्रात गुजरातमध्ये तिलकवाडा आणि रामपुरा यांच्या दरम्यान होणारी उत्तरवाहिनी परिक्रमा करून या. एका दिवसात होते, आणि नर्मदाकाठची रीत, भाषा, सेवा करणारी माणसं यांची ओळख होते.

पाण्यासकट सगळं ओझं सहा-सात किलोंच्या आत हवं. दोन जोड साधे, लवकर वाळणारे कपडे, एक पंचा, पातळ सतरंजी, एक कांबळं किंवा हलकी स्लीपिंग बॅग, डोक्याला गमछा, ताट-वाटी-पेला, डोक्याला बांधायची टॉर्च, पॉवर बँक, मेणकापडाचा मोठा तुकडा. औषधांत ओआरएसची पाकिटं, जंतुनाशक मलम, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, ताप-जुलाबाच्या गोळ्या आणि तुमची नेहमीची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे आणि आधी महिनाभर वापरलेले. पाय चालून सुजतात, हे नव्या माणसाला दुकानात सुचत नाही. उरलेलं सगळं घरी राहू द्या. जास्तीचा स्वेटर, जाड पुस्तक, डबे, हे सगळं लोक पहिल्या आठवड्यात कुठल्यातरी आश्रमात सोडून देतात.

काठी मात्र घ्याच. तिला दंड म्हणतात. चिखलात खोली बघायला, उतरणीला गुडघ्यावरचा भार घ्यायला आणि कुत्र्यांना लांब ठेवायला ती लागते. कुत्र्यावर उगारू नका, नुसती जमिनीवर टेकवत शांतपणे चाला.

सुरुवात

ओंकारेश्वराचं ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे. संकल्प सोडल्यावर तिथे जाणं म्हणजे प्रवाह ओलांडणं, म्हणून दर्शन आधी घ्या. मग दक्षिण तटावर या आणि ममलेश्वराच्या बाजूच्या घाटावर संकल्प करा. मुंडण, पूजा, कन्याभोजन आणि शिऱ्याचा प्रसाद, ज्याला तिकडे कढाई म्हणतात, हे सगळं यथाशक्ती. परिक्रमावासी असल्याचं प्रमाणपत्र इथेच करून घ्या. त्यासाठी आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे फोटो जवळ ठेवा, पुढेही लागतात. एक छोटी वहीही घ्या. मुक्कामाच्या आश्रमांचे शिक्के तीत घेत जायचं.

संकल्पाच्या वेळी एका छोट्या बाटलीत मैयाचं, म्हणजे नर्मदेचं, जल भरून घेतात आणि ते शेवटपर्यंत सोबत असतं. सकाळ-संध्याकाळ तिची पूजा होते आणि ती जमिनीवर ठेवत नाहीत. श्रद्धा कमी-जास्त असली तरी हा नेम पाळा. एकट्याच्या दिवसाला सुरुवात आणि शेवट या बाटलीमुळे मिळतो. नाहीतर दहाव्या दिवसापासून उठण्याची आणि थांबण्याची वेळ घसरायला लागते.

एक दिवस कसा जातो

पहाटे साडेचार-पाचला उठणं, स्नान, पूजा, आरती. आसन, म्हणजे आपलं अंथरूण, गुंडाळायचं, झोपलेली जागा झाडून द्यायची, आश्रमात सेवेकऱ्यांना नमस्कार करून उजाडल्यावर निघायचं. अंधारात निघू नका. शेताच्या कडेला डुकरांसाठी तारा लावलेल्या असतात, क्वचित त्यांत वीजही सोडलेली असते, आणि पायाखालचं जनावर दिसत नाही. उन्हाळ्यात लवकर निघावं लागलं तर अंधारातलं अंतर सडकेनं काटा.

किनाऱ्यानं जायचं की सडकेनं, हा प्रश्न रोज पडतो. कार्तिकात पुराचा गाळ अजून ओला असतो, नाले भरलेले असतात आणि काठाची माती पाय टाकला की खचते. तेव्हा सडक किंवा गाडीवाट बरी. पौषापासून किनारा वाळतो आणि मग तो खरोखर चालण्यासारखा होतो. डांबरी सडकेवर अंतर भराभर तुटतं, पण टाचा आणि नडगी तिथेच दुखावतात. दोन्ही आलटून-पालटून वापरा. किनाऱ्याला एकटं उतरताना मात्र समोरून येणारी पाऊलवाट ताजी आहे ना, बघा. वाट अर्ध्यात संपली आणि पुढे घळ आली, तर हट्टानं उतरू नका, मागे फिरा.

वाटेची खरी माहिती नकाशात नसते, ती चहाच्या कपाबरोबर मिळते. निमाडात सकाळी आठच्या सुमाराला एखाद्या ओसरीवरून हाक येते, "नर्मदे हर! बाबाजी, चाय पीके जाओ." आत्ता तर निघालो, असं वाटून नवा माणूस पुढे जातो. थांबा. आजी चुलीतलं लाकूड आत सरकवते, दूध संपलेलं असलं तर काळा चहा ठेवते, कपाची कड पदरानं पुसून हातात देते आणि विचारते, घरी कोण कोण आहे. तोवर आतून नातू येतो, तुमच्या बुटांकडे बघतो आणि सांगतो, "नाले में कमर तक पानी है, ऊपर के रस्ते से जाना." ही एक ओळ पुढचे दोन तास वाचवते. म्हणून सकाळचा एक तरी चहा कधी नाकारू नका. पुरुष परिक्रमावासीला बाबाजी, बाईला माताजी म्हणतात. आपणही त्यांच्याशी त्याच आदरानं, मोडक्या हिंदीत का होईना, चार शब्द बोलावेत.

दिवसाचा महत्त्वाचा निर्णय दुपारी जेवणानंतर घ्यायचा. पुढचे दोन संभाव्य मुक्काम विचारून ठेवा, एक जवळचा, एक लांबचा. मग पायाला विचारा आणि शंका असेल तर जवळचा धरा. चारपर्यंत आसन लागलं पाहिजे, थंडीत तर नक्कीच, कारण साडेपाचनंतर उजेड झपाट्यानं जातो. लांबचा मुक्काम गाठायच्या नादात काळोखात चालणारा माणूस वाट चुकतो, पाय मुरगाळून घेतो आणि पोचल्यावर पूजा-जेवण न करता झोपतो. तो थकवा मग तीन दिवस पुरतो. लवकर थांबलं की कपडे धुऊन वाळतात, पायांकडे बघायला वेळ मिळतो, गावातल्या माणसांशी बोलणं होतं. पहिल्या आठवड्यात १२ ते १५ किलोमीटरच चाला. पुढे अंगवळणी पडलं की २० ते २५ सहज होतात. रोज ४० किलोमीटर मारणारे भेटतील, त्यांच्याशी बरोबरी करायला जाऊ नका.

मुक्कामाची रीत

आश्रमाच्या किंवा मंदिराच्या दारात मोठ्यानं "नर्मदे हर" म्हणून थांबायचं. सरळ आत शिरायचं नाही. आतून प्रश्न येतो, "कितनी मूर्ति?" परिक्रमावासीला तिथे मूर्ती म्हणतात. "एक मूर्ति" म्हटलं की आसन कुठे लावायचं ते सांगतात. तिथेच लावा, कोपरा बदलून मागू नका. वहीत नाव, गाव, आधार क्रमांक लिहून द्यायचा असतो. नंतर हातपाय धुऊन मैयाच्या बाटलीला स्वच्छ उंच जागा द्यायची.

सकाळच्या न्याहारीला बालभोग म्हणतात, जेवणाला भोजनप्रसादी. काही ठिकाणी शिजवलेलं अन्न मिळत नाही, सदाव्रत मिळतं, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची असा कोरडा शिधा. एकट्यानं चालणाऱ्याला तीन दगडांच्या चुलीवर खिचडी आणि टिक्कड करता आलंच पाहिजे. टिक्कड म्हणजे जाड भाकरीसारखी पोळी, आधी तव्यावर आणि मग निखाऱ्यावर भाजलेली. घरी एकदा लाकडाच्या जाळावर करून बघा. पानात पडेल ते खायचं, टाकायचं नाही, आपलं ताट आपण घासायचं. जाताना जमेल तेवढं दानपेटीत टाका. अन्नाची किंमत कुणी मागत नाही, पण हे आश्रम कुणाच्या तरी देण्यावरच चालतात. रीत एका रात्रीच्या मुक्कामाची आहे. आजारी असाल तर स्पष्ट सांगा, ठेवून घेतात.

पाय आणि पाणी

फोड येण्याआधी त्या जागी चटका बसल्यासारखं होतं. तेव्हाच थांबून चिकटपट्टी लावा, पुढच्या गावापर्यंत वाट पाहू नका. फोड आलाच आणि चालणं अशक्य झालं, तर जंतुनाशकात बुडवलेल्या सुईनं कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या, मलम लावून झाका. आत दोरा ओवून ठेवायचा जुना उपाय कुणीतरी सांगेल. मी तो सुचवणार नाही, मातीत चालताना त्यातून पू होतो. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पायांना वारा द्या. नडगीच्या पुढच्या बाजूला दुखून सूज आली तर ती मुकाट्यानं एक-दोन दिवसांची सुट्टी मागते आहे, असं समजा आणि द्या. मधुमेह असेल तर रोज रात्री टॉर्च लावून तळपाय तपासल्याशिवाय झोपू नका.

प्यायला गावातल्या हातपंपाचं किंवा कूपनलिकेचं पाणी घ्या. मैयाचं जल तीर्थ म्हणून ओठाला लावणं वेगळं आणि शहरांच्या खालच्या अंगाला बाटल्या भरून पिणं वेगळं.

स्नान घाटावरच करा, तेही कमरेच्या आत आणि साबण न लावता. एकटे असताना निर्मनुष्य ठिकाणी पाण्यात उतरायचंच नाही. काही भागांत मगरी आहेत. त्याहून मोठा धोका धरणांचा. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशा धरणांतून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटतं आणि खालची पातळी बघता बघता चढते. २००५ च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला अमावास्येच्या यात्रेसाठी नदीकाठी जमलेले कितीतरी लोक असेच अचानक आलेल्या पाण्यात वाहून गेले. भोंगा ऐकू आला, किंवा खडकावरची ओली रेघ वर सरकताना दिसली, की कपडे गोळा करायला न थांबता वर या. वाळूच्या पट्ट्यावर रात्री आसन लावू नका.

जिथे एकटं जाऊ नये

शूलपाणीच्या झाडीत पूर्वी परिक्रमावासींना अंगावरच्या कपड्यांसकट लुटत. आता तिथलीच भिल्ल कुटुंबं चहा-जेवण देतात, त्यांना आदरानं मामा म्हणतात. अडचण आता भूगोलाची आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यात काठाची जुनी वाट बुडाली, त्यामुळे पाऊलवाट सातपुड्याच्या चढउतारांवरून जाते, वस्त्या विरळ आहेत आणि बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. बडवानीला एखाद-दोन दिवस थांबा आणि चार-पाच जणांचा मेळ जमला की त्यांच्याबरोबर हा टप्पा करा. तब्येतीची शंका असेल तर खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा सडकेचा वळसा आहे. तो घेतला म्हणून परिक्रमा उणी होत नाही.

समुद्र ओलांडायचा तो गुजरातेत, दक्षिण तटावरच्या विमलेश्वराहून नावेनं उत्तर तटावरच्या मीठीतलाईला. नाव भरती-ओहोटी बघून सुटते, त्यामुळे एखादा दिवस थांबावं लागू शकतं. त्या पट्ट्यात पाणी खारं आहे, आधीच्या गावातून भरून घ्या. फोन आणि कागद प्लास्टिकमध्ये बांधा, आणि नाव गच्च भरलेली दिसली तर पुढच्या नावेची वाट पाहा.

अमरकंटक हजार मीटरहून उंचावर आहे, तिथे रात्री माघ-फाल्गुनातही गारठा असतो. कांबळं जड झालं म्हणून भरूचला देऊन टाकलं, तर तिथे आठवण येईल.

एकटेपणाचं

पहिल्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी उगाच रडू येतं, घरी जावंसं वाटतं. हे जवळजवळ सगळ्यांना होतं. त्या संध्याकाळी कुठलाही निर्णय घेऊ नका. जेवा, झोपा, सकाळी दोन तास चालून मग ठरवा. दुपारी एक ते तीन हा दुसरा अवघड काळ, तेव्हा सावलीत आडवं व्हा किंवा वहीत दिवसाची चार वाक्यं लिहा. नामस्मरण ज्याला जमतं त्याला चालण्याची लय आपोआप सापडते.

वाटेत कुणी ना कुणी सोबत धरतं. चार दिवस छान जातात, मग एकाची चाल दुसऱ्याला जाच होते. "उद्या मी सावकाश येतो, तुम्ही पुढे व्हा," असं मोकळेपणानं सांगावं. तिकडे याचं कुणाला वाईट वाटत नाही. पैसे किती जवळ आहेत हे मात्र कुणालाही सांगू नका, आणि सगळे एका जागी ठेवू नका.

एकट्या बायकाही परिक्रमा करतात आणि काठच्या लोकांना त्यांचं फार कौतुक असतं. माताजींनो, आसन लावण्याआधी तिथे दुसऱ्या बायका किंवा कुटुंब आहे का, एवढं बघा. एखाद्या कुटीत एकटाच पुरुष असेल, मग तो कितीही मोठा साधू असो, तर गावात शिरा आणि सरपंचाच्या किंवा अंगणवाडीताईच्या घरी विचारा. घरात जागा मिळते.

घरच्यांशी रोज ठरलेल्या वेळी एकच निरोप ठेवा, गावाचं नाव आणि मुक्कामाचं ठिकाण. रेंज नसलेल्या भागात शिरण्याआधी किती दिवस फोन लागणार नाही ते सांगून ठेवा, म्हणजे तिकडे धास्ती नको. उरलेला वेळ फोन बंद राहिला तर बॅटरी पुरते, आणि आजूबाजूची माणसंही दिसतात.

परतीचं तिकीट

निघतानाच परतीचं तिकीट काढून ठेवणाऱ्याचे पाय तारखेला बांधले जातात आणि शेवटचे २०० किलोमीटर तो उन्हात धावत सुटतो. दक्षिण तटावर नर्मदापुरम ओलांडलं, हंडिया जवळ आलं, की मग तिकीट काढा, आणि हातात दोन दिवस मोकळे ठेवा. ओंकारेश्वराला पोचल्यावर आधी दक्षिण तटावर पूजा, कन्याभोजन आणि कढाई होते. त्यानंतरच बेटावर जाऊन बाटलीतलं जल ज्योतिर्लिंगाला वाहायचं. अमावास्या-पौर्णिमेला, सोमवारी तिथे रांगा मोठ्या असतात, त्यामुळे मधला वार गाठता आला तर बघा. उरलेली औषधं, कांबळं, चांगल्या स्थितीतली सॅक घरी आणू नका. घाटावर कुणीतरी अपुऱ्या सामानानिशी निघायच्या तयारीत असतो, त्याला विचारून द्या.